तोच पाऊस?

ट्रेडल मशीनवर लग्नपत्रिका छापण्यात माझी हयात गेली. शेवटची पत्रिका पहिलीसारखीच निघाली पाहिजे; शाई जरा फिकी पडली की गिऱ्हाईक गठ्ठाच परत आणायचं. त्यामुळे जपानी चित्रकार हिरोशिगेच्या एदो शहरावरच्या चित्रमालेतला, लाकडी ठशांनी छापलेला १८५७ सालचा पाऊस मी आधी छापणाऱ्याच्या नजरेनं पाहतो. एदो म्हणजे आजचं तोक्यो. सुमिदा नदीवरच्या शिन-ओहाशी पुलावर अवचित सर आली आहे आणि माणसं डोकी झाकून लगबगीनं निघाली आहेत. पावसाची एकेक रेघ ठशावर उभी राहावी म्हणून तिच्या दोन्ही अंगांचं लाकूड कोरून काढलेलं. तेही दोन ठशांवर, किंचित वेगळ्या तिरकसपणानं. काय हात असेल तो!

वरचा काळा ढग मात्र कोरलेला नाही. ओलसर ठशावर रंग लावायचा आणि हातानं तो फिका करत न्यायचा, याला तिकडे बोकाशी म्हणतात. दर कागदाला हे नव्यानं करायचं. म्हणून एका प्रतीत ढग दाट, दुसरीत विरळ. आमच्याकडे असला माल रद्दीत गेला असता.

मग खरा पाऊस कुठल्या प्रतीतला? मूळ चित्राशी ताडून पाहावं, तर रेखाटनाचा पातळ कागद ठशावर चिकटवून त्यावरूनच कोरतात. कोरता कोरता तो संपतो. उरतात त्या प्रतीच.

हिरोशिगेनं १८५६ मध्ये बौद्ध दीक्षा घेतली होती. त्यानं बौद्ध तत्त्वज्ञ धर्मकीर्ती वाचला असेल असं मी म्हणत नाही. पण सगळं क्षणोक्षणी नवं असतं म्हणणाऱ्या बौद्ध क्षणिकवाद्यांचा दाखला इथे चपखल बसतो: कापलेले केस पुन्हा वाढतात आणि आपण म्हणतो, तेच केस. सारखेपणाला आपण एकपणा समजतो. पाऊस ‘परत’ आला म्हणतो, तेही तसंच. ही सांगड आपण मागाहून घालतो; या चित्रमालेचा ऋतुक्रमसुद्धा नंतरचा. १८५८ मध्ये हिरोशिगे गेला, त्यानंतर अनुक्रमणिका काढून चित्रं वसंतापासून हिवाळ्यापर्यंत लावली गेली.

वस्तू टिकून राहते असं मानणारे नैयायिक विचारतील, ठसा तर तोच ना? ठसाही झिजतो, बारीक रेघा तुटतात. काही प्रतींत पलीकडच्या काठाशी दोन नावा दिसतात, काहींत नाहीत. एवढं मात्र मी नैयायिकांना देईन: पूल प्रत्येक प्रतीत ओळखू येतो, आणि ती ओळख पटली नसती तर ढगातला फरकही माझ्या ध्यानात आला नसता.