पाचच्या पीईचं आकर्षण

‘तेल कंपन्या पाचच्या पीईला पडून आहेत आणि लोक चाळीसचे शेअर घेत सुटलेत!’ शेअर बाजारात मुरलेल्या एका परिचितांचं हे वाक्य काही केल्या डोक्यातून जात नाही.

पीई म्हणजे शेअरचा भाव भागिले दर शेअरमागचा वर्षाचा नफा, हे आता शाळकरी पोरांनाही ठाऊक आहे. पण यंदाचा नफा पुढेही होत राहील, हे त्या आकड्यात गृहीत धरलेलं असतं. साबण विकणाऱ्या कंपनीत ते बरंचसं खरं ठरतं. तेलाचं काय? हिंदुस्तान पेट्रोलियम घ्या. 2022-23 मध्ये कच्चं तेल भडकलेलं आणि पंपावरचे दर गोठलेले. कंपनीला जवळपास 9 हजार कोटींचा तोटा झाला. तोट्याला पीई नसतो, तक्त्यात त्या जागी नुसती रेघ येते. पुढच्या वर्षी कच्चं तेल उतरलं, पंपावरचा दर जवळजवळ वर्षभर तोच राहिला आणि नफा गेला साडेचौदा हजार कोटींच्या वर. त्या रेघेच्या काळात ज्यांनी शेअर घेतला, त्यांचे पैसे वर्षभरात साधारण दुप्पट झाले. मार्च 2024 मध्ये पीई चार-पाचच्या घरात ‘स्वस्त’ दिसू लागला, आणि त्यानंतरच्या वर्षात नफा निम्म्यावर आला. हापूसची बाग कोणी एका बहरावरून विकत घेत नाही.

शिवाय तेल उपसणारे वेगळे आणि ते शुद्ध करून विकणारे वेगळे. कच्चं तेल महागलं की ते उपसणाऱ्या ओएनजीसीचं फावायला हवं. पण जुलै 2022 मध्ये सरकारने देशी कच्च्या तेलावर टनामागे 23,250 रुपये जादा कर बसवला. त्याआधी, 2018 मध्ये, याच ओएनजीसीने सरकारकडून हिंदुस्तान पेट्रोलियमचा 51.11 टक्के हिस्सा 36,915 कोटींना घेतला होता. नफा कागदावर कंपनीचा असला, तरी तो कुठे जायचा हे मोठा मालक, म्हणजे सरकार, ठरवतो. बाजार कमी पीई देतो तो हे ओळखूनच.

‘पण लाभांश बघा ना!’ हे त्या परिचितांचं ठेवणीतलं उत्तर. मी ते खोडायला निघालो होतो. मुंबई हायमध्ये 1974 साली तेल लागलं. तिथून उपसलेलं पिंप परत भरून येत नाही. हिशेबात त्याची वजावट होते, पण ती विहिरीवर पूर्वी झालेल्या खर्चाची. तेवढंच नवं तेल शोधायला आज काय लागेल, ते तिथे नसतं. म्हणजे नफ्यात थोडं मुद्दलही मिसळलेलं असतं आणि लाभांशात तेच परत मिळतं. इथवर आलो आणि माझाच मुद्दा उलटला. मुद्दल झिजतच असेल, तर तेजीच्या भरात भलत्याच खरेदीत घालण्यापेक्षा ते भागधारकांच्या हाती दिलेलं बरं. लाभांशाबाबत त्यांचंच बरोबर.

पीईबाबत मात्र नाही. तेलाचा शेअर घेण्याआधी किमान दहा वर्षांच्या नफ्याची सरासरी काढा, आणि उपसलेल्या तेलाच्या बदल्यात कंपनीने नवा साठा किती जोडला, हे वार्षिक अहवालात शोधा. हे दोन आकडे हाती नसतील, तर पाचचा पीईही महागच समजा.