हिशेब येणे आणि हिशेब देणे



बारावीचा निकाल लागला की आमच्या कचेरीत मुलांची ये-जा वाढते. कुणाला कॉलेजच्या फॉर्मसाठी बाप्तिस्म्याचा दाखला हवा असतो, कुणाला सल्ला. परळ-लालबागच्या कितीतरी घरांतली एक पिढी गिरणीत गेली. 1982 च्या संपानंतर गिरण्या एकामागून एक बंद पडल्या आणि लोअर परळला त्यांच्याच जागी काचेच्या इमारती उभ्या राहिल्या. आज त्या कामगारांची नातवंडे तिथे हिशेब खात्यात बसतात. बी.कॉम., सी.ए., टॅली, जीएसटी हे शब्द आता आपल्या घरचेच झाले आहेत.

"फादर, अकाउंट्समध्ये पुढे जायला काय काय यावं लागतं?" याचे उत्तर अवघड नाही. कीर्द-खतावणी पक्की हवी, एक्सेलवर हात बसलेला हवा, करांचे नियम दरवर्षी नव्याने वाचावे लागतात, इंग्रजीत चार ओळींचे सरळ पत्र लिहिता यावे. हे सारे क्लासमध्ये मिळते. पण मध्यंतरी एक मुलगी वेगळाच प्रश्न घेऊन आली. (तिची परवानगी घेऊन आणि ओळख न देता लिहीत आहोत.) नोकरीला जेमतेम दीड वर्ष झालेले. साहेबांनी सांगितले, एप्रिलमध्ये गेलेल्या मालाची बिले मार्चच्या तारखेने टाक, बँकेला यंदाची विक्री जास्त दिसली पाहिजे. "मी तर फक्त टाइप करणार. मग पाप कोणाचं, फादर?"

सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकताना अ‍ॅरिस्टॉटलचा एक विचार आम्हांला विचित्र वाटला होता. तो म्हणतो की कलाकौशल्यात मुद्दाम चूक करणारा माणूस नकळत चुकणाऱ्यापेक्षा बरा, कारण त्याला काम येत असते. आपले गायनमास्तर चुकीचा सूर मुद्दाम गाऊन दाखवतात, ते आपण बेसूर गातो त्याहून नक्कीच बरे! पण विवेकाच्या बाबतीत हे नेमके उलट होते. तिथे जाणूनबुजून चुकणारा अधिक वाईट.

मग हिशेबनिशी कशात मोडते? ती नुसते कौशल्य असेल, तर पीएमसी बँकेत घडले त्याला उत्तम कारागिरी म्हणावे लागेल. 23 सप्टेंबर 2019 रोजी रिझर्व्ह बँकेने त्या बँकेवर निर्बंध घातले आणि खातेदारांना सुरुवातीला फक्त 1,000 रुपये काढण्याची मुभा राहिली. बँकेच्या कर्जांपैकी 70 टक्क्यांहून अधिक रक्कम एकाच बांधकाम उद्योगसमूहाकडे अडकली होती. ते लपवण्यासाठी 21,049 खोटी खाती दाखवल्याचे चौकशीत पुढे आले. 2022 च्या जानेवारीत बँक दुसऱ्या बँकेत विलीन झाली, तरी मोठ्या ठेवीदारांना सगळे पैसे मिळायला दहा वर्षांपर्यंतची मुदत ठरली. सत्तरीतल्या माणसाने दहा वर्षे थांबायचे म्हणजे काय, ते ज्याचे त्याला ठाऊक. आमच्या मनात मात्र एकच विचार येतो. एवढी खाती एका माणसाने बसून लिहिली नसतील.

लूकच्या शुभवर्तमानातला (16:1-8) कारभारी धन्याच्या ऋणकोंना म्हणतो, बसा आणि 100 च्या जागी 50 लिहा. त्या कारभाऱ्यावर आम्ही किती प्रवचने दिली! पण आकडा लिहिला तो ऋणकोंनी, स्वतःच्या हाताने. त्यांच्याबद्दल आम्ही कधी बोललो नाही.

त्या मुलीला आम्ही सांगितले की ज्याने ठरवले त्याचा दोष मोठा, हे खरे. पण तुला ते खोटे आहे हे कळले आहे, आणि तुझ्या हाताशिवाय ते होत नाही. म्हणून तू पूर्ण बाहेर नाहीस. शिवाय दुहेरी नोंदीच्या पद्धतीत खोटी नोंद एकटी राहतच नाही. विक्री वाढवली की येणे वाढवावे लागते, गोदामातला माल कमी दाखवावा लागतो, जीएसटीचे विवरणपत्र त्याला जुळवावे लागते. उद्या त्या सगळ्यावर तुझेच लॉग-इन असेल. (ही पद्धत पुस्तकात पहिल्यांदा नीट मांडून 1494 मध्ये व्हेनिसला छापली ती लुका पाचोली या फ्रान्सिस्कन धर्मबंधूने. वहीच्या आरंभी देवाचे नाव लिहा, असेही त्याने सुचवले होते. आपले व्यापारी 'श्री' लिहितात, तसेच.)

नुसते "नाही म्हण" असे सांगणे आम्हांला सोपे आहे, आमची नोकरी जात नाही. तिच्या घरी भाऊ शिकतो आहे आणि वडील निवृत्त आहेत. म्हणून दोन व्यवहाराच्या गोष्टी सुचवल्या. साहेबांना ई-मेल करून ही सूचना लेखी मागायची, नम्रपणे, आरोप न करता. आणि आजपासून पगारातून इतके बाजूला टाकायचे की सहा महिने नोकरी नसली तरी घर चालेल. ज्याच्या गाठीला काहीच नाही, त्याला सही नाकारणे फार महाग पडते. अकाउंट्समध्ये येणाऱ्या प्रत्येक मुलाने टॅलीच्या आधी ही शिल्लक शिकावी, असे आमचे मत आहे.

आमचेही सांगायला हवे. धर्मग्रामाची व्हाउचर्स महिन्याच्या शेवटी गठ्ठ्याने येतात आणि आम्ही कित्येकदा न वाचता सह्या केल्या आहेत. आता खजिनदारांना सांगितले आहे की रोज थोडी आणा. त्यांना ते आवडलेले नाही.

मुलीने ई-मेल केला. लेखी उत्तर आले नाही आणि मार्चची ती नोंदही झाली नाही. यंदा तिची पगारवाढ मात्र थांबली आहे. ती दुसरीकडे अर्ज करते आहे. कुणाच्या ऑफिसात जागा असेल तर कचेरीत कळवावे.