धूर आणि अग्नि

शीळफाट्यावर वाहनांच्या खोळंब्यांत आम्ही अडकलों असतांना मुंब्र्याच्या डोंगराकडे धूर दिसला, आणि आमचे सोबती सहज म्हणाले, "वणवा लागला असावा." न्यायशास्त्राच्या पोथींतील दृष्टांत असा अनायासें समोर उभा राहिला. अग्नि दिसत नाहीं. तथापि स्वयंपाकघरांत धुराचें व अग्नीचें साहचर्य पाहिलेला मनुष्य डोंगरावरील अग्नीविषयीं निश्चयानें बोलतो. हा निश्चय कोठवर योग्य?

याच रस्त्यानें पुढें गेलें कीं कल्याण लागतें. तेथें १९६५ सालीं टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या गोविंद स्वरूप यांनीं जेमतेम सहा फूट व्यासाच्या ३२ तबकड्या मांडून सूर्याच्या रेडिओ-लहरी टिपल्या. त्याच परंपरेंतून पुढें नारायणगांवाजवळ खोडद येथें ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्यांची दुर्बीण उभी राहिली. अशा दुर्बिणी आकाशांतील धूरच पाहतात म्हणाना! दीर्घिकेच्या गाभ्यांतील कृष्णविवर स्वतः प्रकाश देत नाहीं. परंतु त्यांत पडूं पाहणारें द्रव्य भोंवतीं गरगरतांना तापतें, आणि कधीं कधीं त्यांतील कांहीं दोन विरुद्ध दिशांस झोतांच्या रूपानें उधळलें जातें. त्यांतील वेगवान इलेक्ट्रॉन चुंबकीय क्षेत्रांत फिरतांना रेडिओ-लहरी सोडतात, व झोतांच्या टोकांशीं दीर्घिकेहूनही मोठे फुगे दिसूं लागतात.

असे विशाल झोत लंबगोल दीर्घिकांतूनच निघावयाचे, सर्पिल दीर्घिका त्या मानानें शांत, असा ज्योतिषांचा दीर्घकाळचा समज होता. पुण्याच्या आयुका संस्थेंतील जॉयदीप बागची व त्यांचे सहकारी यांनीं २०१४ सालीं एका सर्पिल दीर्घिकेभोंवतीं सुमारें पन्नास लक्ष प्रकाशवर्षें पसरलेली रेडिओ-रचना दाखविली, आणि तो नियम ढिला पडला. ज्योतिषांनीं तो मुकाट्यानें ढिला केला. आम्ही माणसांच्या बाबतींत मात्र 'अमक्या घरचा म्हणजे असाच' हा नियम शंभर अपवाद पाहूनही सोडीत नाहीं.

नैयायिक याहून सावध होते. धुरावरून अग्नि ओळखावा, पण अग्नीवरून धूर ओळखूं नये. मध्यें ओल्या सरपणाचा उपाधि आहे, असें त्यांनीं बजावलें. आपल्या आकाशगंगेच्या गाभ्यांत सूर्याच्या सुमारें ४० लक्ष पट वस्तुमानाचें कृष्णविवर आहे, तरी तें आज जवळजवळ निवांत आहे, सरपणच थोडें. पण २०१० सालीं तिच्या वर व खालीं सुमारें पंचवीस हजार प्रकाशवर्षें उंचीचे गॅमा-किरणांचे फुगे आढळले. ते गाभ्याच्या जुन्या उद्रेकाचे असावेत असें पुष्कळांचें मत आहे.

येथें आम्हांस खरी अडचण भासते. निवलेल्या माणसाचा जुना धूर दाखवून 'हा जळतच आहे' म्हणणें अन्यायाचें. तेथें अग्नि होता, एवढेंच त्यावरून सिद्ध होतें. पण तो निवला म्हणून बाहेर गेलेला झोत परत येत नाहीं. ज्यास त्याची झळ लागली त्यानें गाभ्याच्या आजच्या शांतीकडे पाहून समाधान मानावें, असें सांगण्याचें धैर्य आम्हांस होत नाहीं.

अखेर वाहनें हललीं. जवळ गेल्यावर तो धूर म्हणजे खडी फोडण्याच्या यंत्राची धूळ होती असें दिसून आलें. सोबती ओशाळले. आमचीही तोंवर तीच समजूत होती, हें मात्र आम्हीं त्यांस सांगितलें नाहीं.