चार रकाने

निवृत्त झालो तरी लोक अंदाजपत्रकं तपासायला आणतात. कधी बंधाऱ्याचं, कधी देवळाच्या सभामंडपाचं. गोषवारा मी शेवटी बघतो. आधी लीड चार्ट: खडी कुठल्या खाणीची, वाळू किती किलोमीटरवरून. मग खोदाई. घोडेगावच्या वर, डोंगराच्या अंगाला, उघड्या ओढ्यात काळा पाषाण दिसतो आणि कागदावर मात्र पायाच्या तळापर्यंत मुरूम. चाचणी खड्डा घेतला का, असं विचारलं की समोरचा विषय बदलतो.

सभामंडपवाल्या एका माळकऱ्यांनी विषय बदलला नाही. म्हणाले, "रावसाहेब, देवाचं काम आहे. कर्म करायचं, फळाचा हिशेब कशाला?"

आक्षेप वजनदार आहे. अंदाजपत्रक म्हणजे फळाचाच आगाऊ हिशेब. मग निष्काम माणसानं ते करावं का? मला उत्तर गीतेच्याच अठराव्या अध्यायात सापडतं. तामस कर्माची खूण तिथे दिली आहे: पुढचे परिणाम, होणारा क्षय, दुसऱ्याला होणारी इजा आणि आपला आवाका, या चार गोष्टी न बघता मोहाने सुरू केलेलं काम. म्हणजे सोडायची ती फळाची हाव. हिशेब सोडायला भगवंतांनी सांगितलेलं नाही. उलट चार रकाने आखून दिले.

आमच्या छापील तक्त्यांत त्यातले दोनच भरतात, खर्च आणि आवाका. तेही धड नाही. कुकडी प्रकल्पाचा साठच्या दशकातला अंदाज तीसेक कोटींचा. 2018 मध्ये चौथी सुधारित प्रशासकीय मान्यता मिळाली ती सुमारे 3,948 कोटींची. यात दरवाढ आहे, भूसंपादन आहे, रेंगाळलेली वर्षं आहेत. आकडा चुकणं हे पाप नव्हे, आकडा सुधारता येतो. येडगाव, माणिकडोह, वडज, पिंपळगाव जोगे आणि डिंभे या पाच धरणांचं पाणी करमाळ्यापर्यंत जातं, हेही खरंच.

पण डिंभ्याच्या पाण्याखाली मूळ आंबेगाव गेलं. तालुक्याला नाव उरलं, गाव उरलं नाही. जमिनीचा मोबदला रकान्यात बसतो. भातखाचराला लागून असलेलं रान, तिथला हिरडा, शेजार, ग्रामदैवताची जागा यांना दरसूचीत बाब क्रमांक नाही. ज्याला दर नाही ते शून्य धरलं गेलं, आणि बेरीज बिनचूक आली. तिसरा रकाना असा कोरा राहतो.

परिणामांचा रकाना मात्र आपल्याकडे पूर्वी भरत असत. जुन्नरच्या लेण्यांतले सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीचे ब्राह्मी लेख बघा. दात्यांनी लेणी आणि पाण्याच्या पोढी कोरवल्या, शिवाय शेतं लावून दिली, बांबूकाम करणाऱ्यांच्या आणि कासारांच्या श्रेणींकडे पैसे गुंतवले. मूळ काम झाल्यावरही उत्पन्न चालू राहावं, ही तरतूद दानातच होती.

म्हणून बंधाऱ्याचा कागद आला की मी दोन प्रश्न जादा विचारतो. दहा वर्षांनी गाळ कोण काढणार, आणि पाणी अडवल्यावर खालच्या वावराचं काय? लेखी उत्तर मिळाल्याशिवाय ‘तपासले’ असा शेरा मी देत नाही. लोक कुरकुरतात, काही जण कागद दुसरीकडे नेतात. ते फळ माझ्या अधिकारातलं नाही.