जे दिसले तेच लिहा

शास्त्रपाठ: लूक 16:10

ह्या वचनात प्रभू येशू ख्रिस्ताने लहानशा कामातील इमानास मोठ्या कामाची कसोटी ठरविले आहे. ह्याचा एक दाखला आकाशाकडे पाहणाऱ्या लोकांपासून घेऊ.

कित्येक ताऱ्यांचे तेज वाढते व घटते. त्यांस रूपविकारी तारे म्हणतात. असा एक तारा 1596 साली डेव्हिड फाब्रिसियस नामक जर्मन पाळकाच्या दृष्टीस पडला. हे तारे इतके पुष्कळ आहेत की, वेधशाळेतील मोजक्या विद्वानांस त्या सर्वांवर नजर ठेवणे शक्य नाही. म्हणून 1911 साली अमेरिकेत विल्यम ऑलकॉट ह्या वकिलाने हौशी निरीक्षकांची संस्था स्थापिली. त्या काळच्या हिंदुस्थानात जेसोर येथील सरकारी खजिन्यातील नोकर राधागोविंद चंद्र ह्यांनी अशा 37 हजारांहून अधिक नोंदी केल्या.

काम साधे आहे. शेजारच्या स्थिर ताऱ्यांशी ताडून तेज ठरवावे आणि वेळेसह लिहावे. परंतु नियम कडक आहे: जे दिसले तेच लिहावे, दिसावयास हवे होते ते नव्हे. तारा न दिसल्यास तसेच कळवावे.

‘दिसला नाही’ ह्या नोंदीचे मोल काय? 2013 साली हबल दुर्बीण काही ताऱ्यांकडे वळविण्यापूर्वी ते एकाएकी भडकलेले नाहीत, ही खात्री हौशी निरीक्षकांच्या नोंदींवरून करण्यात आली. कारण अति प्रकाशाने तिच्या उपकरणास अपाय झाला असता. एका खोट्या नोंदीने केवढी हानी झाली असती!

उपदेशक बंधूंनो, आता आपली हजेरीची वही उघडा. उपासनेस सात जण आले, आणि वरिष्ठांच्या भयाने आपण पंधरा लिहिले, तर त्या आठांचे काय होईल? त्यांच्या दारी कोणी जाणार नाही, त्यांच्यासाठी कोणी प्रार्थना करणार नाही. कारण वहीत ते हजर आहेत! सात लिहिण्यात लाज नाही. ती खरी नोंद हरवलेल्या मेंढराच्या शोधाचा आरंभ होय.

हे प्रभो, आमच्या डोळ्यांस दृष्टी व लेखणीस सत्य दे. आमेन.