कुंडीतील गांजा आणि संयमाचे मोल

ज्या कृत्याचे साध्यच संशयास्पद, ते करताना अंगी बाणलेले सद्गुण खरे मानावेत काय? नीतिशास्त्राच्या वर्गात हा प्रश्न चोराच्या धैर्याचे उदाहरण घेऊन विचारण्याचा प्रघात आहे. आम्ही येथे निराळे उदाहरण घेतो. जर्मनीत १ एप्रिल २०२४ पासून प्रौढ माणसास स्वतःच्या उपयोगापुरती गांजाची तीन झाडे घरी लावण्याची मुभा मिळाली. आपल्याकडे १९८५ च्या कायद्याने अशी लागवड परवान्यावाचून करणे हा गुन्हा आहे, व त्याबद्दल आमची तक्रार नाही. परंतु विचार करावयास परवाना लागत नाही.

बर्लिनमधील एखाद्या भाड्याच्या खोलीत हे झाड वाढवावयाचे म्हणजे दिवा, पंखा, कुंडी आणि लहानसा बंदिस्त तंबू यांच्या साह्याने एक कृत्रिम ऋतुचक्रच निर्माण करणे होय. सूर्य कधी उगवावा व कधी मावळावा हे मालकाच्या हाती. दिवसाकाठी अठरा तास उजेड दिला म्हणजे झाड पाने-फांद्या वाढवीत राहते. तो बारा तासांवर आणला की त्यास शरदाची चाहूल लागते व ते फुलोऱ्यावर येते. इतकी सत्ता हाती आल्यावर नवशिक्याची समजूत होते की, आता सर्व आपल्याच करण्यावर अवलंबून आहे. मग तो पाणी घालतो. पाने मरगळतात. तो त्यास तहान समजतो व आणखी पाणी घालतो. वास्तविक माती चिंब झाल्याने मुळांस हवा मिळेनाशी झालेली असते. परंतु बुडणारे झाड आणि तहानलेले झाड वरून पुष्कळसे सारखेच दिसते. पुढे तो खताकडे वळतो. पानांची टोके करपतात. अंधाराच्या तासांत तंबू उघडून जरा पाहावे, हा मोह तर अनावरच, आणि तेवढा उजेडही फुलोऱ्याचा क्रम बिघडवू शकतो. ज्याचे झाड जगते, तो कुंडी उचलून तिच्या वजनावरून ओल ओळखावयास शिकलेला असतो, आणि माती सुकेपर्यंत हात आवरून बसतो.

या हात आवरण्यास काय म्हणावे? कांटने १७८५ च्या आपल्या नीतिविषयक ग्रंथात असे प्रतिपादिले आहे की, आत्मसंयम व शांत विवेचन हे गुण दुर्जनाच्या ठायी असले म्हणजे तो अधिकच भयंकर होतो; सदिच्छेवाचून त्यांस स्वतंत्र मोल नाही. हे मत आम्हांस आदरणीय वाटते, पण येथे ते पुरते लागू पडत नाही. दरोडेखोराचा संयम दुसऱ्यास लुबाडण्याचे हत्यार असतो. कुंडीपुढे बसलेल्या माणसाचा संयम निराळ्या मुळातून येतो: आपली उतावीळ काळजी ही झाडाची गरज नसून आपल्याच अस्वस्थतेची सोय होती, हे त्यास उमगलेले असते. आईबापांस व शिक्षकांस ही गोष्ट बहुधा उशिरा उमगते.

तरीपण एवढ्याने गांजाची कुंडी ही नीतीची पाठशाळा ठरत नाही. टोमॅटोच्या रोपापाशीही हेच शिकता आले असते, आणि त्याचे फळ कोणास सोडवेनासे झाले नसते. गांजाचे नियमित सेवन करणाऱ्यांपैकी काहींस व्यसन जडते, व कोवळ्या वयात आरंभ केल्यास धोका वाढतो, हे वैद्यकास चांगले ठाऊक आहे. म्हणूनच झाडे मुलांच्या हाती लागू नयेत अशी तजवीज करण्याचे बंधन तोच कायदा घालतो. झाडाच्या बाबतीत संयमी आणि धुराच्या बाबतीत बेताल असा माणूस सहज संभवतो.

खरी कसोटी पीक हाती आल्यावर लागते. घरी ५० ग्रॅमपर्यंतच वाळलेला गांजा ठेवता येतो. तीन झाडे नीट पोसली तर त्याहून पुष्कळ अधिक निघू शकतो. तो मित्रास देणेही निषिद्ध. म्हणजे जितकी निगा उत्तम, तितका अधिक माल स्वहस्ते नष्ट करावयाचा, आणि तोही बहुधा कोणी पाहत नसताना! ही मर्यादा मनमानी आहे, असा आक्षेप घेता येईल. ५० च का, ६० का नव्हे, यास समाधानकारक उत्तर देणे कठीण. पण ज्याने महिनोन्महिने आपली इच्छा मातीच्या ओलीने मापली, त्याने कायद्याच्या मापाशी हुज्जत घालण्यापूर्वी तराजू बाहेर काढावा, एवढी अपेक्षा आम्हांस अवाजवी वाटत नाही.