नाव आणि अक्षर

काम करावे आणि नावाची हाव धरू नये, ही शिकवण आपल्या घराघरांत लहानपणापासून कानांवर पडते. मी शाळामास्तर, मुलांना मीही तेच सांगत आलो आहे. पण या शिकवणीला दुसरी एक बाजू आहे. करणाऱ्याने नावाचा मोह सोडावा हे ठीक. ज्याला त्या कामाचा लाभ मिळाला, त्यानेही ते नाव सोडून द्यावे काय? या प्रश्नाचा विचार करताना मला एक ग्रंथपाल आठवतो.

त्याचे नाव रॉबर्ट प्रॉक्टर. जन्म १८६८ चा, इंग्लंडमधला. ऑक्सफर्डला शिकून तो तिथल्या बॉडलियन ग्रंथालयात जुन्या पुस्तकांच्या याद्या करू लागला आणि १८९३ साली लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये नोकरीला लागला. युरोपात छपाई सुरू झाली तेव्हापासून १५०० सालापर्यंत छापलेली पुस्तके, हा त्याच्या ध्यासाचा विषय. त्यांतल्या पुष्कळ पुस्तकांवर मुद्रकाचे नाव नाही, गाव नाही, साल नाही. प्रत्यक्ष गुटेनबर्गचे नाव त्याने छापलेल्या म्हणून उरलेल्या एकाही पुस्तकावर सापडत नाही.

मग ओळखायचे कसे? खिळ्यांवरून! त्या काळी बऱ्याच मुद्रकांचे खिळे ज्याचे त्याचे असत. पोलादाच्या टोकावर अक्षर कोरायचे, ते तांब्यावर ठोकून साचा करायचा आणि साच्यात शिशाचा रस ओतून खिळा पाडायचा. कोरणाऱ्याच्या हाताचे वळण अशा रीतीने कागदापर्यंत पोचे. एखाद्या ‘एम्’ची कमान, एखाद्या अक्षराची शेपटी, ओळींची उंची, हे सारे प्रॉक्टरने न्याहाळले, नाव असलेल्या पुस्तकाशी बिननावाचे पुस्तक ताडून पाहिले. १८९८ साली त्याची सूची निघू लागली. तिच्यात साडेनऊ हजारांहून अधिक नोंदी आहेत. पुस्तके त्याने विषयवार लावली नाहीत. आधी देश, मग गाव, मग छापखाना, आणि ज्या क्रमाने तिथे छपाई पोचली तो क्रम. ग्रंथपाल आजही त्याला ‘प्रॉक्टरचा क्रम’ म्हणतात.

मास्तर मंडळींना यात नवल वाटणार नाही. मुलाने वहीवर नाव घातले नाही, तरी अक्षरावरून वही कोणाची ते आम्ही सांगतो. मात्र त्यासाठी वर्षभर चाळीस वह्या खरोखर पाहाव्या लागतात. कोणाला ओळखायचे, तर आधी त्याच्याकडे लक्ष द्यावे लागते.

कोणी म्हणेल, पाचशे वर्षांपूर्वी मेलेल्या मुद्रकाला आता नावाचे काय? त्याची मजुरी का वाढणार आहे? आक्षेप खोटा नाही. पण नावाची जागा कधी रिकामी राहत नाही, हे आपण विसरतो. गुटेनबर्गला योहान फुस्ट नावाच्या सावकाराने भांडवल दिले होते. १४५५ साली दोघांचा वाद न्यायासनापुढे गेला. पुढे १४५७ साली माइन्त्स येथे स्तोत्रांचा सुंदर ग्रंथ निघाला. त्यावर नावे आहेत ती फुस्टची आणि पेटर शफरची. शफर हा त्या धंद्यातला जाणकार, पुढे तो फुस्टचा जावई झाला. त्याच्या मुलाने १५०५ साली आपल्या छापखान्याच्या एका पुस्तकात या कलेचे श्रेय गुटेनबर्गला दिले. १५१५ साली मात्र तेच श्रेय त्याने आपल्या आजोबाला, म्हणजे फुस्टला, देऊन टाकले! दहा वर्षांत नाव बदलले. कारागिराचे नाव मिटले की तिथे पैशाचे नाव येऊन बसते. म्हणून खरे नाव शोधणे हा मेलेल्यावर केलेला उपकार नव्हे, ती जिवंतांनी पाळायची सचोटी आहे.

प्रॉक्टरने स्वतःही एक ग्रीक टाईप तयार केला. त्याचा आधार होता स्पेनमध्ये १५१४ साली वापरलेला एक टाईप. प्रॉक्टरच्या टाईपाला त्याचे नाव नाही. तो ‘ऑटर’ म्हणजे पाणमांजर या नावाने ओळखला जातो. त्यात छापलेले एस्किलसचे नाटक १९०४ साली निघाले, पण ते पाहायला प्रॉक्टर नव्हता. १९०३ च्या सप्टेंबरात तो आल्प्सच्या डोंगरांत एकटाच पायी हिंडायला गेला आणि परतला नाही. त्याचा देहही सापडला नाही. वय अवघे पस्तीस. त्याच्या मागून आलेल्यांनी ते काम पुढे नेले आणि त्याच्या क्रमावर त्याचे नाव राहू दिले. हक्क सांगायला तो उरला नव्हता. तरी देणे त्यांनी चुकवले.

आपल्याकडेही निर्णयसागरचे सुबक देवनागरी वळण काढले की जावजी दादाजींचे नाव आदराने घेतले जाते, आणि ते घ्यावेच. पण त्या वळणामागे राणोजी रावजी आरू या कोरीव काम करणाऱ्या कारागिराचा हात होता, हे किती जण सांगतात? माझ्या कादंबऱ्यांवर माझे नाव मोठ्या अक्षरांत असते. ती अक्षरे कोणाची, हे मला वाचक कधी विचारत नाहीत.

निरपेक्ष राहणे हा करणाऱ्याचा धर्म, आणि नाव विचारणे हा घेणाऱ्याचा. आपण सोयीने पहिला धर्म दुसऱ्याला शिकवतो आणि दुसरा स्वतः पाळत नाही. या दिवाळीत फराळाचे ताट पुढे आले, तर अनारशाची जाळी एकदा नीट पाहावी आणि तो कोणाच्या हातचा, हे विचारावे. ज्याने केला तो कदाचित लाजेल, नको म्हणेल. तरीही विचारावे.